टोपी २:१ खाली सपाट

६ जानेवारी, सोमवार

आजपासून ही वही मराठीत. कारखान्यात माझ्या टेबलाचा खण कुणीही उघडतं. हिंदीत लिहिलं तर सगळं समजेल. मराठीत लिहिलं तर अर्धंच समजेल, आणि अर्धं समजून कुणाचं काही बिघडत नाही.

मराठी मी शाळेत शिकलो नाही. इथे झाशीत, लक्ष्मी गेटच्या घरी आईने पाटीवर शिकवली. ह्रस्व-दीर्घ चुकलं की पूर्ण पाटी पुसायची आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे आयटीआय पहिल्या वर्षात सुटलं तरी शुद्धलेखन सुटलं नाही. आमचे मालक सुभाषचंद्रजी यांनी मला फोटोकॉपीच्या दुकानातून उचललं तेही त्यामुळेच. त्यांनी झेरॉक्सला दिलेल्या अर्जातल्या नऊ चुका मी न विचारता दुरुस्त केल्या होत्या. आता कारखान्यातली सगळी जॉब कार्डं मी लिहितो. कार्डावर जे लिहिलं असेल तेच कारागीर कापतात आणि जोडतात.

माझं स्वतःचं नाव मात्र हजेरीत अजून ‘रितुराज’ आहे. दोनदा दुरुस्त केलं, दोनदा परत ‘रितुराज’ झालं.

आज मोठी बातमी. आजवर आम्ही फाटकं, जाळ्या आणि पाण्याच्या टाक्या केल्या. आता विक्रमजींच्या ग्रॅनाइट कापायच्या शेडसाठी हवेची टाकी करायची आहे. एक मीटर व्यास, दहा किलोचा दाब. एकवीस तारखेला विक्रमजींच्या समोर चाचणी. पास झाली तर त्यांना अजून तीन हव्यात.

“पानी की टंकी फूटे तो कपड़े भीगते हैं,” सुभाषचंद्रजी म्हणाले. “ये फूटी तो—”

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “कार्ड ध्यान से लिखना, वरना वापस फोटोकॉपी.” हसले, पण फक्त तोंडाने.

७ जानेवारी, मंगळवार

टाकीचं काम सांगायला मकरंद साहेब येतात. मूळचे नाशिकचे, इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झाले आणि सदर बाजारच्या बाजूला राहिले. त्यांची मुलगी ऋता कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढते. साहेब माझं नाव ‘रुतुराज’ असं उच्चारतात. झाशीत असं उच्चारणारे ते आणि ऋता दोघंच.

आज साहेबांनी टाकीची तोंडं कशी बंद करायची ते सांगितलं. त्या झाकणाला कारखान्यात टोपी म्हणतात.

“हवा सगळीकडे सारखी ढकलते,” साहेब म्हणाले. “गोलाई असली की पत्रा तो जोर आपसात वाटून घेतो. सपाट पत्रा एकटा पडतो आणि पोट पुढे काढतो.”

सगळ्यांत भक्कम टोपी म्हणजे अर्धा गोळा. पत्रा पातळ चालतो, पण घडवायला कठीण आणि टाकी फार उंच होते. दुसरी उथळ कढईसारखी. घडवायला सोपी, पण काठाशी जिथे वळते तिथे जोर साचतो, म्हणून पत्रा जाड. या दोघींच्या मधली ती दोनास एक. तिचा अर्धा व्यास खोलीच्या दुप्पट, म्हणजे आपल्या टाकीला अडीचशे मिलिमीटर खोल.

“आणि सपाट?” मी विचारलं.

“सपाट लावायचीच तर पन्नास मिलिमीटर जाड. कोण लावणार?”

मी ‘पन्नास’ लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. कुठली टोपी घ्यायची ते साहेब शेडची मापं बघून सांगणार आहेत.

संध्याकाळी घरातली भांडी मोजली. आमटीची वाटी जवळपास अर्धा गोळा आहे. छोटी कढई व्यास २८०, खोली ७०, म्हणजे बरोबर दोनास एक. ती पातेल्यावर उलटी ठेवून बघत होतो तेव्हा आई म्हणाली, “ती कढई मला भाजीला हवी आहे, का तिचं लग्न ठरवतोयस?”

९ जानेवारी, गुरुवार

ऋता ड्रॉइंगसाठी पत्र्याचं माप घ्यायला आली. आमचे फोरमन श्यामसुंदर भैया तिला म्हणाले, “काय बिन्ना, चाय पीहौ?” तर ती खूश झाली. मला हळूच म्हणाली, “यांना मराठी येतं?” मी सांगितलं, की बुंदेलीत ‘बिन्ना’ म्हणजे ताई आणि ‘काय’ ही नुसती हाक आहे, मराठीशी संबंध नाही. तिचा चेहरा जरा उतरला. सांगायला नको होतं की काय.

जेवणाच्या वेळी तिने विचारलं, की माझ्या डब्यात गुळपोळी आहे असं साहेबांकडून कळलं, ती कुठे आहे. मी खरं तेच सांगितलं: “डबा खाली आहे.” तेव्हा ती टेबलाखाली वाकली. बराच वेळ वाकून बघत होती, पंख्याच्या वायरीमागेसुद्धा. मी विचारलं, काही पडलं का. ती म्हणाली, “डबा.” मी म्हटलं, डबा तर इथे टेबलावर आहे. मग तिने माझ्याकडे असं बघितलं की मला पाणी प्यावं लागलं.

ती माझ्यावर नाराज असावी. नाहीतर गुळपोळीची चौकशी करून अशी टेबलाखाली कशाला जाईल?

१० जानेवारी, शुक्रवार

साहेबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ग्वाल्हेरला ठरलं. ऋताही बरोबर जाते आहे. दहा-बारा दिवस तिकडेच. ड्रॉइंग आल्यावर देईन म्हणाली. साहेब जाताना म्हणाले, “फोन कर, पण एक गोष्ट मला दोनदा विचारू नकोस.”

१३ जानेवारी, सोमवार

सकाळी विक्रमजींच्या शेडवर जाऊन मापं घेतली आणि तिथूनच साहेबांना फोन केला. मागे दगड कापायचं यंत्र चालू होतं. छताची उंची, दाराची रुंदी, जमीन सिमेंटची आणि पाणसळीत, असं सगळं सांगितलं.

“मग टोपी दोनास एक,” साहेब म्हणाले. “खाली सपाट. चार पाय द्या.” तेवढ्यात त्यांच्या डोळ्यात औषध घालायला कुणीतरी आलं.

मी लगेच लिहून घेतलं. परत येऊन कार्ड केलं, सुंदर अक्षरात:

टोपी २:१ खाली सपाट
पाय ४

श्यामसुंदर भैयांनी कार्ड लांब धरून वाचलं. “टोपी दो. एक खाली सपाट. हओ.”

मीही तेच समजलो होतो. वरची टोपी गोल आणि खालची सपाट. आमचं दोघांचं इतक्या चटकन एकमत पहिल्यांदाच झालं.

गोल टोपी कानपूरहून मागवायची असते. फोनवरचा माणूस फार बोलका.

“एक? भैया, टोपी जोड़े में जाती है. चप्पल भी एक मँगाते हो?”

“एक ही,” मी म्हणालो. “कार्ड पर लिखा है.”

“किसने लिखा?”

“मैंने.”

“अच्छा,” तो म्हणाला. तो ‘अच्छा’ मला आवडला नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आईने ऋताच्या नावाच्या चार गुळपोळ्या वेगळ्या ठेवल्या. ती ग्वाल्हेरला आहे हे मी सांगितलं. आई म्हणाली, “मला माहीत आहे. तू कालपासून तीनदा सांगितलंस.”

१७ जानेवारी, शुक्रवार

कानपूरची टोपी काल आली. एकटीच पडून आहे, उपडी ठेवलेल्या मोठ्या कढईसारखी. ती आज टाकीच्या एका तोंडावर बसवली. दुसऱ्या तोंडासाठी भैयांनी सपाट चकती कापली. बारा मिलिमीटरची.

मी वही काढून ‘पन्नास’वाल्या दोन रेघा दाखवल्या. “साहेब ने तो पचास बोला था.”

“कार्ड में मोटा सपाट लिखा है?” भैया म्हणाले. “नहीं. खाली सपाट लिखा है. खाली माने खाली. सिरफ सपाट, और कछू नईं.”

मला यात चूक काढता आली नाही. शब्द माझाच, ह्रस्व-दीर्घासकट बरोबर. आणि साहेबांनी काही वेगळा हिशेब केला असेल, जो आयटीआयच्या दुसऱ्या वर्षात शिकवत असतील. एक गोष्ट दोनदा विचारायची नाही असंही ते म्हणाले आहेत. पण ही मी एकदाच विचारली होती, की पहिल्यांदा विचारल्यावर ती संपली? बराच वेळ विचार केला. ठरलं नाही.

चकतीचं वेल्डिंग झालं. वेल्डिंग चांगलं आहे. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

१९ जानेवारी, रविवार

कपाटाच्या मागून आमरसाचा जुना टिनचा डबा निघाला. दोन्ही झाकणं फुगलेली. आई म्हणाली, “उघडू नकोस. फुगलेला डबा टाकायचा.”

टाकण्याआधी मी तो निरखून बघितला. बाजू जशीच्या तशी होती. ती गोल आहे. फुगली होती फक्त सपाट झाकणं. दाबलं की टक् आत, सोडलं की टक् बाहेर. विक्रमजींच्या शेडमध्ये टाकीची जागा कुठे आहे ते आठवलं. तिच्याजवळच मशीनवाला दिवसभर स्टूल टाकून बसतो.

साहेबांना फोन करायचं धाडस झालं नाही म्हणून ऋताला मेसेज लिहायला घेतला. ‘टोपीविषयी एक शंका आहे’ असं लिहून खोडलं. चार वेळा. शेवटी पाठवलं: ‘साहेबांचा डोळा कसा आहे?’

तिचं उत्तर लगेच आलं: ‘बरा आहे. आणि तुमचा?’

माझ्या डोळ्याला काही झालेलं नाही, हे तिला कळवलं.

२१ जानेवारी, मंगळवार

सगळं क्रमाने लिहितो.

चाचणी पाण्याने करतात. टाकी आडवी ठेवून पाण्याने भरायची आणि हातपंपाने दाब तेरा किलोपर्यंत न्यायचा. सुभाषचंद्रजी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. विक्रमजी नवे बूट घालून. भैया पंपावर, मी दाबाच्या घड्याळावरचा आकडा वाचून लिहायला.

सकाळी ऋताला दोन फोन केले होते. उचलले नाहीत.

एक किलोला काही नाही. मी खिशातली स्टीलची पट्टी काढून सपाट चकतीवर आडवी धरली. दोन किलोला पट्टी मधोमध टेकली आणि दोन्ही टोकांना फट पडली. फटीत आधी कार्डाचा कागद गेला. मग माझं करंगळीचं नख गेलं.

“भैया, रुको. पेट निकल रहा है.”

“पानी का बोझ है,” भैया म्हणाले आणि पंप मारत राहिले.

“ढाई,” मी वाचलं. “भैया, रुक जाओ.”

“रितुराज,” सुभाषचंद्रजी हळू म्हणाले, “पार्टी खड़ी है.”

त्यानंतर मी काय केलं ते मला नंतर इतरांनी सांगितलं. मी वही जमिनीवर ठेवली, नीट मिटून ठेवली म्हणे, आणि जाऊन पाणी सोडायची चावी पूर्ण उघडली. पाण्याची धार विक्रमजींच्या नव्या बुटांवर गेली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. ऋता. सुभाषचंद्रजींनी तो माझ्या हातातून घेऊन स्पीकरवर ठेवला आणि म्हणाले, साहेबांना द्या. मी साहेबांना सांगितलं, की सपाट टोपी फुगते आहे.

“सपाट?” साहेब म्हणाले. “कुठली सपाट?”

“तुम्हीच म्हणालात, साहेब. टोपी दोनास एक, खाली सपाट.”

“अरे, जमीन,” साहेब म्हणाले. “तूच सांगितलंस ना, जमीन सिमेंटची आहे म्हणून. खाली सपाट आहे, तर चार पाय सारखे द्या म्हणालो.”

मी ते हिंदीत सगळ्यांना सांगितलं. विक्रमजींनी बूट झटकत विचारलं, “मतलब मेरा फ़र्श इन्होंने टंकी में लगा दिया?”

“हमने तो खाली माने सिरफ समझा,” भैया म्हणाले. “और जे दो, एक... हमने समझा दो में से एक.”

फोनमध्ये मागून कुणीतरी हसलं आणि हसतच राहिलं. “बाबा, यांच्याकडे खाली म्हणजे रिकामं,” ऋता म्हणत होती. “नुसतंसुद्धा. मी त्या दिवशी डबा टेबलाखाली शोधत बसले होते.”

मला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, त्या दिवशी ती नाराज नव्हती. दुसरी, मी दोन्ही टोप्यांसाठी सांगितलेलं माप एकाच टोपीला दिलं आणि मध्ये पूर्णविराम दिला नाही. सगळे वेलांटी-उकार तपासले. टिंब राहिलं.

सुभाषचंद्रजींनी कार्ड हातात घेतलं. दोनदा वाचलं. “स्पेलिंग तो एकदम सही है,” म्हणाले.

मग भैयांना विचारलं, “पानी किसने खोला?”

“इन्हीं ने,” भैया म्हणाले. “हम तो तेरह तक जा रहे थे.”

सुभाषचंद्रजी चकतीच्या पोटावरून हात फिरवत थोडा वेळ उभे राहिले. विक्रमजीही जवळ येऊन बघू लागले. मग सुभाषचंद्रजी मला म्हणाले, “कल आधा घंटा पहले आना.”

लवकर बोलावून काढतात हे मला माहीत आहे. फोटोकॉपीच्या दुकानातही तसंच करायचे. माझी पट्टी, चहाचा कप आणि खडूची डबी घरी आणली.

२२ जानेवारी, बुधवार

काढलं नाही. लवकर बोलावलं ते कानपूरला फोन करायला, कारण तिथे दुकान नऊला उघडतं. विक्रमजींनी दहा दिवस दिलेत. सुभाषचंद्रजी म्हणाले, की विक्रमजी काल निघताना विचारत होते, तो पट्टीवाला लड़का पुढच्या टाक्यांवरही असेल ना. का विचारलं असेल? बुटांचं काही असेल.

कानपूरचा माणूस माझा आवाज ऐकताच म्हणाला, “आपकी दूसरी वाली रखी है. हमें पता था फ़ोन आएगा. नाम भी लिख दिया है उस पर.”

“क्या लिखा?”

“रितुराज, झाँसी.”

मी दुरुस्ती सांगितली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

कप परत नेला.

३१ जानेवारी, शुक्रवार

नव्या टोपीने चाचणी. तेरा किलो, अर्धा तास. मी दर पाच मिनिटांनी पट्टी टोपीच्या काठाशी धरत होतो. गोल टोपीवर पट्टीचा काही उपयोग नाही, असं मकरंद साहेब म्हणाले. ते काळा चष्मा लावून खुर्चीवर बसले होते. पण हातात काहीतरी हवं होतं. घड्याळाचा काटा हलला नाही. पत्राही हलला नाही. विक्रमजी या वेळी चपला घालून आले होते.

कापून काढलेली सपाट चकती भैयांनी दारापुढच्या नालीवर टाकली. मधे जरा पोट आहे, त्यामुळे येणारा प्रत्येक जण ठेचकाळतो. तिचं नाव ‘खाली सपाट’ पडलं आहे. आज सुभाषचंद्रजीही ठेचकाळले. माझ्याकडे बघितलं आणि आत गेले.

नवा नियम: कार्डावर पूर्ण वाक्यं लिहायची. मी ती मोठ्याने वाचायची आणि भैयांनी स्वतःच्या शब्दांत मला परत सांगायची. भैया म्हणतात, हे लग्नाच्या मंत्रांसारखं वाटतं. पण करतात.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रथसप्तमी. आईने काल त्या चार गुळपोळ्यांऐवजी ताज्या करून डबा ऋतासाठी माझ्याबरोबर पाठवला होता. ती कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर पुढच्या तीन टाक्यांची ड्रॉइंग काढत होती. डबा दिला. ती म्हणाली, “यात काय आहे ते पूर्ण वाक्यात सांगा.” मी सांगितलं: “या डब्यात आईने तुमच्यासाठी केलेल्या चार गुळाच्या पोळ्या आहेत.” भैयांनी पंपाजवळून ओरडून त्यांच्या शब्दांत परत सांगितलं. त्यांनी ‘आईने’ गाळलं.

आज दुपारी टेबलाशी परत आलो तर ती लवकर निघून गेली होती. माझ्या टेबलावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी: ‘डबा खाली आहे.’

आता मला दोन्ही अर्थ माहीत आहेत, त्यामुळे पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागला. तिची मराठी धरावी की आमची? तिने ती लिहिताना तिची धरली असेल, की मी वाचणार म्हणून माझी? शेवटी टेबलाखाली वाकून बघितलं. पंख्याच्या वायरीमागे डबा ठेवलेला होता.

म्हणजे तिची मराठी.

उघडला. रिकामा होता.

म्हणजे आमचीही.

आत घडी घातलेली अजून एक चिठ्ठी होती: ‘भरून आण.’

‘आणा’मधला काना राहिला आहे. शुद्धलेखनात ती कधी चुकत नाही, तिची सगळी ड्रॉइंग मी तपासली आहेत. घाईत असेल. मी पेन उघडून काना द्यायला घेतला, टोक कागदाला लागलंसुद्धा. मग वाटलं, दुसऱ्याचं अक्षर आहे, न विचारता दुरुस्त करू नये.

तसंच राहू दिलं आहे. चिठ्ठी या वहीत ठेवतो. वही आता खणात ठेवत नाही, घरी नेतो.